विमान-प्रतिकृतीतील तपशीलकाम

विमान-प्रतिकृतीतील तपशीलकाम : जुळणी संचापासून तयार केलेल्या स्थिर विमान-प्रतिकृतीत, संचात नसलेले किंवा ढोबळपणे दाखविलेले भाग प्लॅस्टिकची पट्टी, तार, पत्रा, कागद यांसारख्या कच्च्या मालापासून स्वतः घडवून बसविण्याचे काम. उडणाऱ्या प्रतिकृतींमध्ये वजन व समतोल यांना महत्त्व असते, तर येथे प्रत्यक्ष विमानाशी असलेले साम्य हीच एकमेव कसोटी होय. या कामासाठी तयार धातूचे किंवा रेझिनचे सुटे भागही विकत मिळतात. परंतु ते ज्या विमानासाठी बनविलेले असतात त्याहून आपले विमान थोडेही वेगळे असल्यास ते निरुपयोगी ठरतात. भारतीय विमानांच्या बाबतीत हा प्रसंग वारंवार येतो.

प्लॅस्टिकचे पहिले जुळणी संच १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने विक्रीस आले. त्यांचे प्रमाण १ : ७२ होते. पुढे १ : ४८, १ : ३२ व १ : २४ अशी मोठी प्रमाणे रूढ झाली. प्रतिकृती जसजशी मोठी होते तसतसे तिच्यातील उणेपणही डोळ्यांत भरते. १ : ७२ प्रमाणातील वैमानिक कक्ष अंगठ्याच्या नखाएवढा असल्याने त्यात काय नाही हे सहसा कळत नाही, १ : ३२ प्रमाणात तो काड्यापेटीच्या जवळपास पोहोचतो आणि त्यातील रिकाम्या भिंती लपत नाहीत. म्हणून तपशीलकामाचा खरा विचार मोठ्या प्रमाणातच सुरू होतो.

संचातील उणिवांना उत्पादकाचा आळस नेहमीच कारणीभूत असतो असे नाही. संचाचे भाग वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने पोलादी साच्यात भरून तयार करतात. प्लॅस्टिक साच्याच्या सर्व कोपऱ्यांत पोहोचावे आणि भाग न वाकता बाहेर निघावा, यासाठी त्याची जाडी सु. १ मिमी. ठेवावी लागते. १ : ३२ प्रमाणात ही जाडी प्रत्यक्षातील ३२ मिमी. इतकी होते. विमानाचा पत्रा एकदोन मिलिमीटरांचा असतो. त्यामुळे चाकांच्या कप्प्यांची झाकणे, एंजिनाच्या निष्कास नळीची कड, हवा आत घेणाऱ्या मुखाचा ओठ असे सर्व उघडे काठ संचात जाड भिंतीसारखे दिसतात. याच न्यायाने पत्र्यांमधील सांध्याची खाच संचात ०.३ मिमी. रुंद असली, तर प्रत्यक्षात ती जवळजवळ एक सेंटिमीटरची फट ठरेल. अशी फट असलेले विमान कोणताही निरीक्षक उड्डाणास सोडणार नाही! तपशीलकामात भर घालण्याइतकेच असे अवाजवी ठळक भाग सौम्य करणेही येते, ही गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात उशिरा येते.

ओझरचे मिग-२१ : महाराष्ट्रातील वाचकास या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण नासिक जिल्ह्यातील ओझर येथे तयार झालेल्या मिग-२१ विमानाचे आहे. हे विमान भारतीय वायुसेनेत १९६३ मध्ये आले. त्याच्या परवाना-उत्पादनासाठी १९६४ मध्ये ओझर येथे विमानांचा, तर ओरिसातील (आताचे ओडिशा) कोरापुट येथे एंजिनांचा कारखाना स्थापन झाला. ओझर येथे प्रथम एफएल, नंतर एम आणि शेवटी बिस हा प्रकार बनविण्यात आला. एफएल प्रकार डिसेंबर २०१३ मध्ये सेवेतून निवृत्त झाला आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे उर्वरित मिग-२१ विमानांनाही निरोप देण्यात आला. आता ही विमाने संग्रहालयांत व चौथऱ्यांवर पाहावयास मिळतात. तेथे ती अनेकदा नव्याने रंगविलेली असतात आणि त्यांच्या कक्षातील उपकरणे जागेवर असतीलच असे नाही. अशा स्थितीत काळजीपूर्वक केलेली प्रतिकृती ही केवळ शोभेची वस्तू राहत नाही. या विशिष्ट विमानात काय होते याची ती एक नोंद ठरते. मात्र त्यासाठी ती खरी असावी लागते.

१ : ३२ प्रमाणात मिग-२१ एमएफ या प्रकाराचा संच चीनच्या ट्रंपेटर कंपनीने काढलेला आहे. त्यापासून ओझरचा एम प्रकार करणे फारसे कठीण नाही, कारण बाह्यतः दोहोंत पुष्कळ साम्य आहे. एफएल करावयाचा झाल्यास मात्र काम वाढते. एमएफची पाठ इंधनाच्या वाढीव टाकीमुळे फुगीर असते, एफएलची सडपातळ. म्हणून धडाचा वरचा भाग कापून नव्याने घडवावा लागतो. एमएफचे पारदर्शक छत बाजूला उघडते, एफएलचे समोरच्या काचेसह पुढच्या बाजूस उचलले जाते. आसनही निराळे असते. एमएफच्या पंखांखाली चार टेकू असतात, एफएलच्या पंखांखाली दोनच. वायुवेग मोजणारी लांब नळी एफएलमध्ये नाकाच्या वरच्या बाजूस मधोमध असते, एमएफमध्ये ती उजवीकडे सरकलेली दिसते. तोफेचा भेद तर विशेष लक्षणीय आहे. एमएफच्या पोटात २३ मिमी. व्यासाची दुनळी तोफ कायमची बसविलेली असते. एफएलमध्ये अंगची तोफ नव्हती. १९६५ च्या युद्धात मिगला तोफ नसल्याची उणीव जाणवली आणि पुढे एफएलच्या पोटाखाली तीच दुनळी तोफ एका सुट्या कोशात टांगण्याची सोय झाली. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर एफएलने पाकिस्तानचे एफ-१०४ विमान पाडले ते याच तोफेने. त्या वेळचे एफएल दाखविणाऱ्याने हा कोश स्वतः घडविला पाहिजे. तोफेच्या नळीचा अंतर्व्यास या प्रमाणात ०.७२ मिमी. येतो, १९ गेजच्या इंजेक्शनच्या सुईचे छिद्र जवळपास तेवढेच असते. सुईचे दोन तुकडे शेजारी शेजारी बसविले, की प्लॅस्टिकच्या भरीव कांडीने कधीही साधणार नाही असे तोफेचे तोंड तयार होते.

मापे मिळविणे : विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५४ मी., म्हणजे प्रतिकृतीत २२.४ सेंमी. अशी मुख्य मापे सहज मिळतात. लहान भागांची मापे छायाचित्रांवरून काढावी लागतात. एफएलच्या मुख्य चाकाचा व्यास ८०० मिमी. असल्याने ज्या छायाचित्रात चाक दिसते त्यात एक मोजपट्टीच हाती येते. चाकाच्या व्यासाशी तुलना करून शेजारच्या दांड्याची किंवा झाकणाची लांबी काढता येते. मात्र चाक आणि तो भाग कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असावेत, अन्यथा हिशेब चुकतो. प्रतिकृती कोणत्या वर्षाच्या, शक्य तर कोणत्या क्रमांकाच्या विमानाची आहे हे आधी निश्चित करावे. १९७१ च्या युद्धकाळात अनेक एफएल विमानांवर तळावरच हिरव्या रंगाचे पट्टे मारण्यात आले होते. एरवी ती उघड्या धातूच्या रंगाची असत.

साहित्य व कृती : या कामाचे बरेचसे साहित्य घरातच सापडते. संचाच्या भागांभोवतीची टाकाऊ चौकट मेणबत्तीवर मऊ करून ओढली असता केसासारखा बारीक तंतू निघतो. आकाशक व बारीक दांडे यांसाठी तो उत्तम. जळालेल्या विद्युत् चलित्राच्या गुंडाळीतील तांब्याची तार द्रवचालित नळ्यांसाठी वापरतात. प्रत्यक्षातील १० मिमी. व्यासाच्या नळीस ०.३ मिमी. जाडीची तार लागते. औषधी गोळ्यांच्या पाकिटाचे पारदर्शक प्लॅस्टिक उपकरणांच्या काचांसाठी, तर शीतपेयाच्या डब्याचा सु. ०.१ मिमी. जाडीचा पत्रा झाकणांसाठी उपयोगी पडतो. पॉलिस्टायरीन विद्रावकाने विरघळून जोडले जाते. आइसक्रीमच्या डब्यांचे प्लॅस्टिक पुष्कळदा पॉलिप्रोपिलीन असते व ते अशा रीतीने चिकटत नाही. धातू जोडण्यास सायनोॲक्रिलेट हा आसंजक वापरतात.

चाकांचे कप्पे हा मिगमधील कष्टाचा भाग होय. याचे चाक आत जाताना दांड्याभोवती वळून धडात जवळजवळ उभे बसते, त्यामुळे कप्प्यात वळणाची यंत्रणा, नळ्या आणि धडाच्या फासळ्या यांची दाटी असते. प्रथम फासळ्या, नंतर जाड नळ्या, शेवटी बारीक तारा असा क्रम ठेवावा. उलट केल्यास आतल्या कोपऱ्यांत चिमटाही पोहोचत नाही. वैमानिक कक्षाचा रंग सोव्हिएट विमानांचा ओळखीचा निळसर हिरवा असतो. उपकरण-फलकावर मधोमध एक पांढरी उभी रेघ असते. विमान गिरकीत सापडल्यास नियंत्रण-दांडा मध्यावर कोठे आणावयाचा हे वैमानिकास तिच्यावरून कळते. शंभर खिळ्यांपेक्षा ही एक रेघ कक्षाला अधिक खरेपणा देते. छायाचित्रात ज्या कप्प्याचा अंतर्भाग दिसत नाही, त्याचे झाकण बंद दाखविणे हेच योग्य. तेथे कल्पनेने तारा भरल्यास काम देखणे होईल, पण पुढे पाहणारा त्यालाच पुरावा समजेल.

रंगकामात हवामानाचा विचार करावा लागतो. सह्याद्रीलगतच्या मुळशीसारख्या तालुक्यात जून ते सप्टेंबर हवा बाष्पाने भरलेली असते. लॅकर जातीच्या रंगातील विद्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि रंगावर पांढुरका धूसरपणा येतो. उघड्या धातूच्या रंगावर तर तो लपतच नाही. तेथील पावसाळा कापणी-घडणीसाठी ठेवून रंग दसऱ्यानंतर दिलेला बरा.

पूर्वी वाकण्यास सोपी म्हणून शिशाची तारही वापरीत. लाकडी, विशेषतः बंद कपाटात लाकडातून निघणाऱ्या ॲसिटिक अम्लाच्या वाफेने शिसे हळूहळू गंजते व त्याची पांढरी भुकटी होते. जुन्या जहाज-प्रतिकृतींत हा प्रकार संग्रहालयांना परिचित आहे. म्हणून तांब्याची तार वापरावी आणि प्रतिकृती काचेच्या, थोडी हवा खेळणाऱ्या पेटीत ठेवावी.