किक स्कूटर: चाकाइतकीच फळीही महत्त्वाची
एक पाय फळीवर ठेवून दुसऱ्याने जमीन मागे रेटत चालवायचे, मोटर नसलेले वाहन म्हणजे किक स्कूटर. मोठ्यांच्या अनेक स्कूटरना सुमारे २०० मिलिमीटर व्यासाची चाके असतात. चाक मोठे म्हणजे श्रम कमी, हा समज अर्धाच खरा आहे. मोठे चाक खाचखळगे सहज ओलांडते. पण पाय किती दमेल, हे बरेचसे डेकच्या (उभे राहण्याच्या फळीच्या) उंचीवर ठरते. प्रत्येक रेट्याला फळीवरच्या पायाचा गुडघा वाकतो. उंच पायरीवर उभे राहून दुसरा पाय पुन्हा पुन्हा खाली टेकवावा, तसेच हे. म्हणून रोज कामावर जाण्यासाठी स्कूटर घेताना फळीची उंचीही मोजावी. सपाट रस्त्यावर ती कमी असलेली बरी; गतिरोधक असतील तर फळी घासणार नाही, इतकी हवी.