पाठीच्या कण्यातले पाणी काय सांगते?

समजा, वाकडला राहणाऱ्या पंचवीस वर्षांच्या एका ताईला एके दिवशी उजव्या डोळ्याने अंधुक दिसू लागले. डोळा हलवला की दुखे. काही आठवड्यांत ते आपोआप बरे झाले. संगणकापुढे बसून डोळे शिणले असतील, असे घरच्यांना वाटले. वर्षभराने तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. डोळा कुठे आणि पाय कुठे! या दोन तक्रारींचा संबंध काय?

संबंध आहे तारांचा. चाकणच्या कारखान्यांत मोटारीत बसवतात त्या तारांवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते. आपल्या अनेक मज्जातंतूंवरही मायेलिन नावाचे मेदयुक्त वेष्टन असते. त्यामुळे संदेश वेगाने धावतात. रोगजंतूंशी लढणारी आपलीच प्रतिकारयंत्रणा कधी कधी चुकून या वेष्टनावर हल्ला करते. मेंदूत, मज्जारज्जूत आणि डोळ्याच्या मज्जातंतूत जागोजागी चट्टे पडतात. हाच मल्टिपल स्क्लेरोसिस. फ्रेंच वैद्य शार्को यांनी 1868 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. हा रोग बहुधा तरुणपणी जडतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

पण मेंदू उघडून कसा पाहायचा? एमआरआय चित्रात चट्टे दिसतात. ते कशामुळे पडले, हे मात्र चित्रावरून नेहमीच कळत नाही. तेथे मदतीला येते मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे स्वच्छ पाणी, म्हणजे मस्तिष्क-मेरुद्रव. प्रौढ माणसात तो सुमारे 150 मिलिलिटर असतो आणि दिवसाला जवळजवळ 500 मिलिलिटर नव्याने तयार होतो. म्हणजेच तो दिवसातून तीन-चार वेळा बदलला जातो!

कमरेतून सुई घालून हा द्रव काढण्याची रीत जर्मन वैद्य क्विंके यांनी 1891 मध्ये प्रसिद्ध केली. 'पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो', अशी भीती पुष्कळांना वाटते. परंतु प्रौढांचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. नंतर काहींचे डोके काही दिवस दुखते, एवढेच बहुधा होते.

प्रयोगशाळेत हा द्रव आणि त्याच माणसाचे रक्त शेजारी शेजारी जेलीसारख्या थरावर ठेवून विजेचा प्रवाह सोडतात. प्रथिने आपापल्या विद्युतभारानुसार वेगवेगळ्या जागी थांबतात. निरोगी माणसात प्रतिपिंडे नाना प्रकारची असल्याने सलग पुसट छटा दिसते. मोजक्याच पेशीकुळांनी भरमसाट प्रतिपिंडे तयार केली असतील, तर ठळक पट्टे उमटतात.

आता एक कोडे. रस्ता आणि घर दोन्ही ओले असतील, तर काय झाले? पाऊस पडला. रस्ता कोरडा आणि घर मात्र ओले असेल तर? नळ घरातच फुटला! तसेच येथे आहे. द्रवात दोन किंवा अधिक पट्टे दिसले आणि रक्तात ते नसले, तर ती प्रतिपिंडे मज्जासंस्थेच्या आतच तयार होत आहेत.

या रोगात द्रवातील प्रतिपिंडे वाढतात, हे एल्विन कबाट यांनी 1942 मध्ये विजेच्या साहाय्याने दाखवले होते. 2017 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी या पट्ट्यांना मोठे वजन दिले. लक्षणे व एमआरआय जुळत असतील, तर पट्टे सापडल्यावर दुसऱ्या झटक्याची वाट पाहावी लागत नाही. औषध लवकर सुरू करता येते. प्रतिपिंडांचे 'कॅपा' नावाचे सुटे तुकडे मोजण्याची सोपी रीतही आता वापरात आली आहे.

मात्र पट्टे म्हणजे हाच रोग, असे नाही. मज्जासंस्थेच्या काही जंतुसंसर्गांतही ते दिसतात. उलट, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या जुळ्यासारख्या दिसणाऱ्या रोगात ते सहसा नसतात. त्याची खूण असलेले प्रतिपिंड 2004 मध्ये रक्तात सापडले. हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण पहिल्या रोगावरची काही औषधे दुसऱ्यात अपाय करतात.

हा रोग भारतात जवळजवळ नाहीच, असे एके काळी मानत. 1990 मध्ये मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्याने पारशी समाजात तो बराच आढळतो, असे दाखवले. रुग्णांना आधार देणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत 1985 मध्ये स्थापन झाली. तिची शाखा पुण्यातही आहे.

आपल्या ताईचा डोळा बरा झाला, तेव्हा सर्वांनी ती गोष्ट विसरून टाकली. तिने मात्र वर्षभराने डॉक्टरांना पायांबरोबर डोळ्याचीही हकिकत सांगितली पाहिजे. कारण द्रव तपासायचा की नाही, हे ठरते ते या हकिकतीवरूनच.