नाचणारीच्या मागे बसलेले

लावणीवर मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. पठ्ठे बापूरावांपासून विठाबाई नारायणगावकरांपर्यंत चरित्रे आहेत, शाहिरी वाङ्मयाचे संशोधन आहे. भूषण कोरगावकरांचे ‘संगीत बारी’ आहे, सावित्री मेधातुल यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट आहे. या साऱ्यात प्रकाश पडतो तो नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रीवर, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्या मागे सतरंजीवर बसलेले दोघे, ढोलकीवाला आणि पेटीमास्तर, पोट कसे भरतात, कोणाकडून शिकतात आणि म्हातारपणी कोठे जातात, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही. बीड जिल्ह्याच्या संदर्भात तो मांडायचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी मध्ये थोडे दूर, ब्यूनॉस आयर्सपर्यंत जावे लागेल.

आधी कामाचे स्वरूप पाहू. ढोलकीफड हा फिरता तमाशा. गण, गौळण, बतावणी, वग असा त्याचा क्रम. तंबू, मालमोटारी आणि मोठा लवाजमा. संगीत बारी एका जागी राहणारी असते. जामखेड, मोडनिंब, चौफुला किंवा पुण्याचे आर्यभूषण अशा थिएटरांत पार्ट्या मुक्कामाला असतात. वग नसतो, लावणी, अदा आणि फर्माईश असते. आष्टी आणि पाटोदा हे तालुके जामखेडला लागून असल्याने बीडच्या माणसाला बारी परकी नाही. फड त्याला भेटतो तो यात्रेत. जिल्ह्यातली लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि कारखाने बंद झाले की परततात. गुढीपाडव्यापासून गावोगावच्या यात्रा लागतात. गाव भरलेले असते, हातात थोडा पैसा असतो आणि फडांचा हंगामही तोच. येथे एक शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. ऊसतोड मजूर मुकादमाकडून ‘उचल’ घेतो आणि फडातला वादक मालकाकडून घेतो तीही ‘उचल’च. दोघांचेही वर्ष कर्जाने सुरू होते.

बारीतला ढोलकीवाला बहुधा घरातलाच असतो, गाणाऱ्या बाईचा भाऊ, मामा किंवा भाचा. तिकीटविक्रीत थिएटरमालकाचा हिस्सा, उरलेल्यात पार्टीचा, त्यातून वादकाचा वाटा. वर बैठकीत मिळणारी दौलतजादा. थोडक्यात, घरातल्या स्त्रीच्या कमाईवर त्याची कमाई उभी असते. वादकाची बाजू मांडताना हे झाकू नये. या व्यवसायाची खरी किंमत त्या स्त्रीने मोजली आहे आणि तिच्या पायांवर जगणाऱ्या पुरुषांत वादकही येतो. पण म्हणून त्याची विद्या कमी दर्जाची ठरत नाही. बैठकीच्या लावणीत गाणारी एकच ओळ पुन्हापुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी तिचा भाव बदलते. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावंतांची थोरवी याच अंगाने ओळखली गेली. ती ओळ किती वेळा येणार हे आधी ठरलेले नसते. पेटीवाल्याने सूर धरून ठेवायचा, ढोलकीवाल्याने तिच्या नजरेवर आणि पावलावर लक्ष ठेवून नेमक्या क्षणी उठाव घ्यायचा. यासाठी शाळा नाही. लहानपणापासून मागे बसायचे, आधी टाळ धरायचे, मग कधीतरी ढोलकी हाती यायची.

याच जिल्ह्यात एका दुसऱ्या चर्मवाद्याचे नशीब पाहा. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे (ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे पैठणजवळचे आपेगाव वेगळे) शंकरबापू आपेगावकर हे पखवाजवादक. वारकरी परंपरेतून आलेल्या या कलावंताला १९८६ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी हा पखवाज शास्त्रीय मैफलींच्या मंचावर नेला. ही एका घराण्याची तपश्चर्या आहेच, पण तिच्यामागे व्यवस्थाही आहे. गावागावात अखंड हरिनाम सप्ताह होतो, कीर्तनाला मृदंग लागतोच, वादकाला बिदागी मिळते आणि माळही घातली जाते. आळंदीला जाऊन मृदंग शिकता येतो. म्हणजे शिकण्याची जागा, ठरलेला हंगाम आणि समाजाचा मान, तिन्ही आहेत. ढोलकीवाल्याकडे यातला फक्त हंगाम आहे. पखवाज आणि ढोलकी यांत शेवटी फरक लाकडाचा, पुडीचा आणि शाईचा. मानातला फरक मात्र वाद्याचा नाही. ते देवळात वाजते की थिएटरात, आणि वाजवणारा कोणत्या जातीचा, यावरून तो पडलेला आहे.

गेल्या तीसएक वर्षांत लावणीला मान मिळू लागला. अकलूजच्या लावणी स्पर्धेने तिला कुटुंबासह पाहण्याजोगी केली, सुरेखा पुणेकरांच्या कार्यक्रमांना स्त्रिया येऊ लागल्या, २०१० साली ‘नटरंग’ आला. यमुनाबाईंना २०१२ मध्ये आणि सुलोचना चव्हाणांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. नेमक्या याच काळात वादक मंचावरून उतरू लागला. चित्रपटातली लावणी लोकप्रिय झाली ती ध्वनिमुद्रित रूपात, आणि मग मंचावरही तेच ध्वनिमुद्रण वाजू लागले. आयोजकाला ते परवडते. पेनड्राइव्हला ना मुक्काम द्यावा लागतो, ना जेवण. कलाकेंद्रांतही डीजे शिरला. लावणी जगली, वाढली, आणि तिला वादकाची गरज उरली नाही.

असे फक्त आपल्याकडेच घडले असते तर त्याचा दोष आपल्या रसिकतेवर टाकून मोकळे होता आले असते. टँगोचा इतिहास तसे करू देत नाही. टँगोही बंदराजवळच्या वस्त्यांत, बदनाम जागी वाढला आणि प्रतिष्ठितांनी तो उशिरा स्वीकारला. त्याचे मुख्य वाद्य बँडोनियन हे आपल्या पेटीचे भावंड आहे. दोन्ही भात्याची युरोपीय वाद्ये, एक जर्मनीतून अर्जेंटिनात गेले, दुसरे फ्रान्सकडून आपल्याकडे आले. (आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांहून अधिक टिकली, हेही जाता जाता आठवावे.) १९४०च्या दशकात ब्यूनॉस आयर्समध्ये दहा-बारा वादकांचे ताफे रोज रात्री क्लबांत वाजवत. अनिबाल त्रॉइलो, हुआन दारिएन्सो, कार्लोस दी सार्ली ही त्यातली घरोघर माहीत असलेली नावे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस रॉक संगीत आले, क्लब ओस पडले आणि मोठे ताफे मोडले. पुढे १९८३ साली पॅरिसमध्ये आणि १९८५ साली ब्रॉडवेवर ‘टँगो आर्जेंतिनो’ हा नृत्याचा कार्यक्रम गाजला आणि जगभर लोक टँगो नाचायला शिकू लागले. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

गंमत अशी की हे नाचणारे आजही बहुतेक ठिकाणी नाचतात ते त्या चाळीसच्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांवर. नाचाच्या रात्री डीजे त्रॉइलो, दी सार्ली यांची तीन-चार गाणी एका गटात लावतो, मग थोडा विराम, मग दुसरा गट. आजच्या टँगो वादकाची स्पर्धा दिवंगतांशी आहे. त्यांना ना मानधन लागते, ना ते कधी चुकतात. म्हणून त्याची कमाई विखुरलेली असते. रात्री पर्यटकांच्या भोजनगृहात तीच ठरलेली प्रसिद्ध गाणी, दिवसा शिकवण्या, वर्षातून कधी युरोपचा किंवा जपानचा दौरा, आणि उरलेल्या वेळात स्वतःचे नवे संगीत.

तरीही तेथे दोन गोष्टी घडल्या, ज्या आपल्याकडे घडलेल्या नाहीत. पहिली मालकीची. पियानोवादक ऑस्व्हाल्दो पुग्लिएसे यांनी १९३९ पासून आपला ताफा सहकारी तत्त्वावर चालवला. मिळकत गुणांप्रमाणे वाटली जाई. ते कम्युनिस्ट होते, त्यांना तुरुंगवास घडे. अशा वेळी त्यांच्या जागी पियानोवर लाल कार्नेशनचे फूल ठेवून ताफा वाजवत असे. २००१ साली, अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली त्याच वर्षी, काही तरुणांनी ‘फर्नांदेझ फिएरो’ हा ताफा उभा केला. तोही सहकारी. आधी सान तेल्मोच्या रस्त्यावर वाजवले, नंतर आबास्तो भागात स्वतःची जागा उभारली. कोणत्या रात्री काय वाजवायचे हे तेथे वादकच ठरवतात.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. इग्नासिओ वार्चाउस्की या तरुण कॉन्ट्राबासवादकाच्या लक्षात आले की सुवर्णकाळातले वादक एकेक करून जात आहेत आणि त्यांच्या हातातल्या खुब्या स्वरलिपीत लिहिलेल्याच नाहीत. २००० साली त्याने एक शिकाऊ वाद्यवृंद सुरू केला. नेतृत्वासाठी पुग्लिएसे यांच्या ताफ्यातले वयोवृद्ध व्हायोलिनवादक एमिलिओ बालकार्से यांना बोलावले. विशी-पंचविशीतली मुले जुन्या वादकांच्या शेजारी बसून तेच तुकडे वाजवू लागली. मधल्या पिढीची तुटलेली कडी अशी जोडली गेली.

हा नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही. पुग्लिएसेच्या ताफ्यात जातीचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे बारीतला किंवा फडातला वादक कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग अशा समाजांतला असतो आणि मुलाने ढोलकी सोडून शाळेत जावे असे त्याला वाटते, त्यात चूक काय? सहकाराची भाषा आपल्याला साखर कारखान्यांमुळे पाठ आहे, पण सहकारी फड काढायचा तर उचल देणाऱ्या सावकाराला आधी पर्याय हवा. विठाबाईंच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार आहे, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. स्पर्धांत क्रमांक काढले जातात ते मात्र प्रामुख्याने नृत्याचे.

शिक्षणाची बाजू त्या मानाने सोपी आणि स्वस्त आहे. जामखेड-आष्टी पट्ट्यात आज जे जुने ढोलकीवाले आणि पेटीमास्तर आहेत, त्यांना दोन-दोन आठवडे एकत्र बसवावे, मानधन द्यावे आणि बैठकीची लावणी सावकाश लयीत वाजवून घ्यावी. गाणारी बाई समोर हवी, कारण तिच्या नजरेशिवाय ढोलकीचा उठाव समजत नाही. शेजारी चार-पाच मुले-मुली बसवावीत. मुलीही, कारण ढोलकी पुरुषानेच वाजवावी असा नियम कोठे लिहिलेला नाही. आपेगावचा पखवाज शिकणारी मुले तेथून फार लांब नाहीत. त्यांनाही बोलवावे, आणि एक दिवस दोन्ही वाद्ये समोरासमोर ठेवावीत.