चेहरा कसा घडतो

डहाणू व तलासरी तालुक्यांत वारली लोकांच्या घरी गेरूच्या लाल भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढण्याची रीत आहे. त्यांतील माणसाचे धड म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण आणि डोके म्हणजे एक लहानसे वर्तुळ. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही कला जगापुढे नेली. या चित्रांतील माणसांना बहुधा नाकडोळे नसतात.

मातेच्या उदरातील गर्भालाही प्रारंभी चेहरा नसतो. चौथ्या आठवड्यात तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा असतो. त्याच्या डोक्याखाली एक खळगा दिसतो. तेच भावी मुख होय. या खळग्याभोवती पाच उंचवटे उगवतात. वरच्या एका उंचवट्यापासून कपाळ व नाक घडते, बाजूच्या दोहोंपासून गाल, आणि खालचे दोन एकत्र येऊन खालचा ओठ व हनुवटी बनते. डोळे आरंभी माशाप्रमाणे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात, तर कान मानेपाशी! पुढे डोके वाढते तसतसे डोळे समोर येतात.

सर्वांत नाजूक काम वरच्या ओठाचे. नाकाखाली उतरणारा मधला भाग आणि दोन्ही गालांकडून येणारे भाग यांचा सांधा सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. नाकाखाली बोटाला लागणारी पन्हळ ही त्या मधल्या भागाची खूण होय. टाळू पुरती जुळावयास सुमारे बारा आठवडे लागतात.

हा सांधा अपुरा राहिला, तर ओठ किंवा टाळू दुभंगते. जगात सुमारे ७०० बालकांमागे एकाला हे व्यंग असते. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, अशी समजूत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळते आणि सारा दोष त्या बिचारीच्या माथी येतो. वस्तुतः ओठ जुळतो त्या दिवसांत आपण गरोदर आहोत हेही पुष्कळ स्त्रियांना ठाऊक नसते. शिवाय ग्रहण तर साऱ्या गावाला एकदमच लागते! खरी कारणे अनेक असून ती एकमेकांत गुंतलेली आहेत. आनुवंशिकता हे त्यांतील एक, गरोदरपणातील धूम्रपान हे दुसरे.

टाळू दुभंगलेल्या बालकाला दूध ओढता येत नाही. ते नाकातून बाहेर येते. पुढे त्याचे उच्चारही स्पष्ट होत नाहीत. म्हणून ओठ पहिल्या काही महिन्यांत व टाळू साधारणतः दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रियेने सांधतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतून व शाळांतून बालकांची जी तपासणी होते, तिच्यात या व्यंगाचाही समावेश आहे. शस्त्रक्रियेनंतर वरच्या ओठावर उरते ती एक बारीक रेघ.