शेताचा मक्ता : दर ठरतो, जोखीम ठरत नाही

गुढीपाडवा हा नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या दृष्टीने केवळ सण नव्हे. शेतीच्या नव्या सालाचा तो पहिला दिवस. सालगड्याचे साल याच दिवशी ठरते आणि जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची असेल तर तिचा व्यवहारही याच सुमारास होतो. बांधाला बांध लागून असलेले दोन शेतकरी ओट्यावर बसतात, मध्यस्थ म्हणून एखादा जाणता माणूस असतो. एकरी आकडा निघतो, थोडी ओढाताण होते आणि चहाबरोबर व्यवहार पक्का होतो. कागद बहुधा होत नाही. झालाच तर चार ओळींचा, नोंदणी न केलेला.

जमीन देणारा नेहमीच मोठा जमीनदार असतो, असा समज शहरात अजूनही आढळतो. प्रत्यक्षात मुलांच्या शिक्षणासाठी लातूर किंवा नांदेड शहरात बिऱ्हाड केलेले कुटुंब, नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेला भाऊ, पतीच्या निधनानंतर एकटीने शेत सांभाळणे अशक्य झालेली विधवा, बैलजोडी विकून टाकलेला म्हातारा असे हे देणारे असतात. घेणारा शेजारी अनेकदा स्वतःची चार-पाच एकर जमीन असलेला, दारात ट्रॅक्टर असलेला आणि त्या ट्रॅक्टरचे हप्ते फेडण्यासाठी आणखी क्षेत्र हवे असलेला असतो. म्हणजे आर्थिक दृष्ट्या कोण वरचढ, हे सातबारा पाहून सांगता येत नाही. शेजाऱ्याशी भिडेखातर भाव करता येत नाही, आणि त्याच्याखेरीज दुसरा घेणारा सहसा पुढे येत नाही. मग ठरलेला दर रास्त की अरास्त, हे कोणत्या मापाने मोजायचे?

व्यवहाराच्या मुख्य रीती दोन. ठरावीक रोख रक्कम घेऊन जमीन वर्षभरासाठी द्यायची, याला कोठे मक्ता, कोठे ठोका, तर कोठे खंड म्हणतात. दुसरी रीत बटईची. तीत पीक वाटून घेतले जाते. बहुतेक ठिकाणी निम्मे-निम्मे, आणि बियाणे, खत, औषध यांचा खर्चही निम्मा-निम्मा. गेल्या काही वर्षांत रोख मक्त्याकडे कल वाढलेला दिसतो, त्याचे कारण उघड आहे. शहरात राहणाऱ्या मालकाला राशीच्या वेळी खळ्यावर उभे राहणे जमत नाही आणि शेजाऱ्यालाही दर खेपेला हिशेब देण्याचा जाच नको असतो.

या दोन रीतींत फरक किती, हे एका उदाहरणावरून कळेल. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या शिवारातले आकडे घालून पाहावेत. समजा, एका एकरात सोयाबीन आठ क्विंटल झाले आणि ४,५०० रुपये दराने विकले गेले. (२०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला असला, तरी खुल्या बाजारात सोयाबीन अनेकदा त्याहून कमी दराने विकले गेले.) उत्पन्न ३६ हजार रुपये. मशागतीपासून मळणीपर्यंतचा खर्च १८ हजार धरला, तर उरले १८ हजार. मक्ता एकरी १२ हजार ठरला असेल, तर मालकाला १२ हजार आणि कसणाऱ्याला सहा हजार. आता हेच शेत निम्म्या बटईने दिले आहे असे समजू. १८ हजारांपैकी बियाणे, खत, औषध, काढणी आणि मळणीचे १२ हजार दोघांत वाटले गेले; नांगरट, पाळी आणि खुरपणीचे सहा हजार कसणाऱ्याने एकट्याने केले. तरीही हिशेब तोच येतो : मालकाला १२ हजार, कसणाऱ्याला सहा हजार. चांगल्या वर्षी दोन्ही रीती सारख्याच.

मात्र पाऊस उघडलाच नाही, किंवा ऐन शेंगा भरताना महिनाभर दडी मारली आणि उतारा पाच क्विंटलवर आला, तर काय होते? उत्पन्न साडेबावीस हजार, खर्च वजा जाता शिल्लक अवघी साडेचार हजार. बटईत मालकाच्या पदरी सव्वापाच हजार पडतात आणि कसणाऱ्याला साडेसातशे रुपयांची तूट येते. मक्त्यात मालकाचे १२ हजार आधीच पोहोचलेले असतात आणि कसणारा साडेसात हजारांनी बुडतो. अर्थात दहा क्विंटलचा उतारा आला, तर मक्त्याने घेणाऱ्याला १५ हजार मिळतात, बटईवाल्याला साडेदहाच. त्या वर्षी मालक हळहळतो. सारांश, एकरी आकड्यावर दोन-दोन तास घासाघीस होते. पण वाईट वर्षाचा भार कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न बैठकीत निघतच नाही.

दर जमिनीगणिक बदलतो, हे सांगायला नकोच. मांजरा काठची खोल काळी जमीन आणि अहमदपूर, जळकोट, कंधारकडची बालाघाटाची मुरमाड जमीन यांना एक दर लागू शकत नाही. अर्धापूरचा केळी-हळदीचा पट्टा तर वेगळाच. विहीर असलेल्या शेताला बागायती दर मागितला जातो, पण ते पाणी दिवाळीपर्यंत पुरते की मार्चपर्यंत, हे शेजाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात ‘बागायत’ हा शब्द जपूनच वापरलेला बरा.

अतिवृष्टीची मदत कोणाची?

२०२५ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने या तोंडी व्यवहारांची कसोटी पाहिली. मुखेड तालुक्यात ऑगस्टमध्ये पुराने माणसे गेली, गुरे वाहून गेली. सप्टेंबरमध्ये तर उभे सोयाबीन दिवसच्या दिवस पाण्यात राहिले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी साडेआठ हजार रुपये, तीन हेक्टरांच्या मर्यादेत. रब्बीच्या बियाण्यासाठी व अन्य खर्चासाठी हेक्टरी आणखी दहा हजार. जमीन खरडून गेली असल्यास हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून तीन लाखांपर्यंतची कामे.

ही मदत सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराच्या नावे निघते. एकराच्या हिशेबाने पिकाचे ३,४०० आणि बियाण्याचे चार हजार, असे ७,४०० रुपये होतात. ज्याने खत टाकले, फवारले, आणि मक्त्याचे पैसेही आगाऊ मोजले, त्याला यातला एक रुपया मागण्याचा हक्क कोणत्याही कागदाने दिलेला नसतो. रब्बीचे बियाणे पेरणार शेजारी, आणि त्याचे पैसे पुण्यातल्या खात्यावर! कित्येक मालक समजूतदारपणे ही रक्कम कसणाऱ्याला देतात. काही देत नाहीत. आणि येथूनच पिढ्यान्‌पिढ्यांच्या बांधभावात वितुष्ट येते.

पीकविम्याचेही असेच. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कुळाने किंवा भाडेपट्ट्याने शेती करणारा पात्र आहे. मात्र महाराष्ट्रात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो नसल्याने विमा मालकाच्या नावे उतरतो किंवा उतरतच नाही. रुपयात विम्याची २०२३ पासूनची सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली आणि शेतकऱ्याला खरिपासाठी दोन टक्के हप्ता भरावा लागू लागला. तेव्हा हा हप्ता कोणी भरायचा आणि भरपाई कोणी घ्यायची, असा नवा प्रश्न पाडव्याच्या बैठकीत आला आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तोंडी कराराने कसणाऱ्यांनाही स्थान आहे, पण बँकेत गेल्यावर पहिली मागणी सातबाऱ्याचीच होते. सर्वांत कठोर निकष मृत्यूनंतरचा. शेतकरी आत्महत्येनंतर मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी मृताच्या किंवा कुटुंबातील कोणाच्या तरी नावे जमीन असावी लागते. निव्वळ दुसऱ्याची जमीन कसणारा शासनाच्या लेखी शेतकरीच ठरत नाही.

कागदाची भीती

मग कागद का होत नाही? याचे उत्तर निजामाच्या काळापर्यंत मागे जाते. तत्कालीन हैदराबाद संस्थानात कसणाऱ्यांना संरक्षण देणारा असामी शिकमी कायदा १३५४ फसलीत, म्हणजे १९४४-४५ च्या सुमारास आला. पोलीस कारवाईनंतर १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम झाला. मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी येथे कुळांच्या बाबतीत पश्चिम महाराष्ट्राचा नव्हे, हैदराबादचाच कायदा लागू राहिला. ‘संरक्षित कुळां’ना त्याने जमिनीची मालकी मिळवून दिली, खंडावर जमीन महसुलाच्या पटीत मर्यादा घातली. ज्यांच्या आज्यांनी त्यावेळी जमिनी गमावल्या, त्या घरांत ‘कागद केला की कूळ लागले’ हे वाक्य आजही धाक घालते. भीती सर्वस्वी निराधार नाही. कायदा पुस्तकात आहेच. पण बारा वर्षे कसली की जमीन कसणाऱ्याची होते, हा समज मात्र चुकीचा. मालकाच्या संमतीने, मक्ता देऊन असलेला ताबा हा विरुद्ध कब्जा ठरत नाही. उलट दरवर्षी मक्ता दिल्याची पावती मालकाच्याच बाजूचा पुरावा असते.

या कोंडीवर उपाय सुचवले गेले आहेत. नीती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श भाडेपट्टा कायद्याचा मसुदा मांडला. मालकाची मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि आपत्तीची मदत मिळावी, असे त्याचे सूत्र होते. नांदेडला लागून असलेला तेलंगण जेव्हा अविभाजित आंध्र प्रदेशात होता, तेव्हा २०११ मध्ये तेथे कसणाऱ्यांना ओळखपत्र देण्याचा कायदा झाला. पुढे २०१९ मध्ये आंध्रने मालकाच्या संमतीने अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत आणली. तेलंगणाने मात्र २०१८ च्या ‘रयतू बंधू’ योजनेत एकरी मदत मालकांनाच दिली. धर्माबाद, देगलूरच्या शेतकऱ्यांना सीमेपलीकडचे हे दोन्ही अनुभव ऐकून माहीत आहेत.

कायदा बदलेपर्यंत दोघा शेजाऱ्यांच्या हाती काही गोष्टी आहेतच. मक्ता रुपयांत न ठरवता सोयाबीनच्या क्विंटलांत ठरवून, दिवाळीनंतरच्या एखाद्या ठरलेल्या दिवशीच्या लातूर बाजार समितीच्या दराने तो चुकता करता येतो; भाव पडल्याचा फटका मग दोघांनाही बसतो. निम्मी रक्कम पाडव्याला आणि निम्मी राशीनंतर घेतली, तर वाईट वर्षी दुसऱ्या हप्त्यात सूट देण्यास वाव उरतो. पिकाची मदत कसणाऱ्याची, जमिनीची मदत मालकाची, ही वाटणी दोन साक्षीदारांसमोर आधीच बोलून घेणे तर अगदीच सोपे.

मुदतीचा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. शेणखताचा गुण जमिनीत दोन-तीन वर्षे राहतो, म्हणून वर्षभरासाठी जमीन घेणारा ते स्वतःच्याच शेतात टाकतो. उसाचे एक पीक बारा-चौदा महिने शेतात असते आणि खोडवा धरला तर दुसरा पाडवाही उलटून जातो. २०२५ च्या पुरात खरडून गेलेल्या शेताचे तर विचारूच नये. हेक्टरी ४७ हजार मालकाच्या खात्यावर, गाळ वाहून आणणारा ट्रॅक्टर शेजाऱ्याचा, आणि त्या शेतात पूर्वीसारखे पीक यायला किमान दोन-तीन हंगाम. अशा शेताला पहिल्या वर्षी मक्ता काय धरायचा, की धरायचाच नाही, हे त्या दोघांनाच ठरवायचे आहे.