आरामशीर पोलादी सायकल आणि श्रावकाचे वाहन-परिमाण

अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबा हे गोदावरीच्या तीरावरचे गाव. योगी चांगदेवांच्या समाधीमुळे ते महाराष्ट्राला परिचित आहे, दौंड-मनमाड लोहमार्गावरील जंक्शन म्हणून प्रवाशांना ठाऊक आहे आणि 1 जून 2017 रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे त्याचे नाव देशभर पोहोचले. अशा गावात किराणा, कापड किंवा भुसार मालाचा व्यापार करणाऱ्या कुटुंबाचा दिवस फार लहान वर्तुळात फिरत असतो. घर, दुकान, स्थानक, बँक, मुलांची शाळा, साधू-साध्वींचा मुक्काम असल्यास स्थानक-उपाश्रय, हे सारे दोन-तीन किलोमीटरांच्या आत येते. तरीही या एवढ्याशा अंतरासाठी आज मोटारसायकल किंवा स्कूटर बाहेर निघते. पन्नास वर्षांपूर्वी याच अंतरासाठी काळी, उंच, पोलादी सायकल निघत असे.

ती सायकल परत दारात यावी काय, हा प्रश्न केवळ जुन्या आठवणींचा नाही. पेढीवर बसून होणारा व्यवसाय, गोडाधोडाचा आहार आणि दारापासून दारापर्यंत इंजिनावर होणारी ये-जा यांचा परिणाम व्यापारी घरांतून मधुमेह आणि रक्तदाबाच्या रूपाने दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला आहे. घर आणि दुकान यांत दीड किलोमीटर अंतर असेल आणि दुपारच्या जेवणासह दिवसाकाठी चार खेपा होत असतील, तर सहा किलोमीटर होतात. ताशी बारा किलोमीटर या निवांत वेगाने त्यास अर्धा तास लागतो. आठवड्यातील सहा दिवसांत ही बेरीज 180 मिनिटे होते. व्यायामासाठी वेगळा वेळ न काढता ही पूर्तता होते, हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला पटण्यासारखा आहे.

व्यापाराशी जुने नाते

सायकल ही गरिबाची, व्यापारी माणसाला न शोभणारी, अशी समजूत अलीकडची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल ही नवलाची आणि महाग वस्तू होती. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधू रामूअण्णा यांच्यासह 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर, चरक, पंप आणि किर्लोस्करवाडीचा कारखाना असा जो उद्योग वाढला, त्याचे मूळ या दुकानात आहे. 1923 मध्ये मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून 1928 मध्ये परतले.

स्वातंत्र्यानंतर सायकल सामान्यांच्या आवाक्यात आली. मद्रासजवळ अंबत्तूर, बंगालमध्ये आसनसोल, सोनिपत आणि लुधियाना येथे कारखाने उभे राहिले. हर्क्युलस, रॅले, ॲटलस, हिरो ही नावे गावोगावच्या दुकानांच्या पाट्यांवर दिसू लागली. गावातील सायकलमार्ट तासाच्या भाड्याने सायकली देत असे आणि मुले दांडीखालून पाय घालून चालवायला शिकत. अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेऊन बिल्ला देत आणि रात्री दिवा नसल्यास दंड होई. पुढे मोटारसायकल स्वस्त झाली, कर्ज सोपे झाले आणि सायकल प्रतिष्ठेच्या यादीतून उतरली. 1951 मध्ये सुरू झालेल्या ॲटलस कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. असे असले तरी सायकल देशातून गेलेली नाही. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 45 टक्के कुटुंबांकडे सायकल होती. स्वयंचलित दुचाकी असलेल्या कुटुंबांच्या ही संख्या दुपटीहून अधिक होते.

शर्यतीची सायकल कोपऱ्यात का पडते

गेल्या काही वर्षांत शहरांप्रमाणेच लहान गावांतील संपन्न घरांतही सायकली पुन्हा आल्या. परंतु त्यांतील पुष्कळ सायकली दोन महिन्यांत जिन्याखाली जातात. कारण सरळ आहे. शर्यतीच्या धर्तीवर बनविलेल्या सायकलीत हँडल आसनाहून खाली असते, टायर अरुंद आणि कडक असतात, सीट टणक असते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाची मान, मनगटे आणि कंबर अर्ध्या तासात कुरकुरू लागतात. दोष आपल्या वयाचा आहे असे समजून तो सायकल सोडून देतो. दोष वस्तुतः निवडीचा असतो.

या प्रवाहाविरुद्ध परदेशातही विचार झाला आहे. अमेरिकेतील ग्रँट पीटरसन यांनी 1994 मध्ये कॅलिफोर्नियात ‘रिव्हेंडेल बायसिकल वर्क्स’ ही छोटी संस्था काढली आणि पोलादी चौकट, उंच हँडल, रुंद टायर यांचा आग्रह धरला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जस्ट राइड’ या पुस्तकात त्यांनी नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या कामासाठी सायकल चालविण्याचा पुरस्कार केला. नेदरलँड्समध्ये तर लोकसंख्येहून सायकली अधिक आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य सायकली ताठ बसून चालविण्याच्या असतात. पुण्यात कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी उभे केलेले सायकलींचे संग्रहालय आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांची घडीची बीएसए सायकलही आहे. पोलादी सायकल किती दशके टिकते, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते.

आराम कशात असतो

जुन्या पोलादी सायकलीचा आराम तिच्या बांधणीत आहे. तिची मागची-पुढची चाके एकमेकांपासून दूर असतात, पुढचा चिमटा बराच पुढे झुकलेला असतो आणि सीटखाली स्प्रिंगा असतात. त्यामुळे खड्ड्याचा धक्का थेट पाठीच्या मणक्यावर येत नाही. अठ्ठावीस इंची चाके खडबडीत रस्त्यावर सहज लोटतात. वजन वीस किलोंच्या आसपास असल्याने चढावर ती जड वाटते, पण गोदाकाठच्या सपाट प्रदेशात तो अडसर ठरत नाही.

पोलादाचा मोठा गुण दुरुस्तीत आहे. ते तुटण्यापूर्वी बहुधा वाकते, म्हणजे धोक्याची सूचना देते. सांधा सुटला तर तालुक्याच्या गावी तो जोडून मिळतो. छर्रे, कोन, चेन, ब्रेकचे रबर हे सुटे भाग आठवडे बाजारातही मिळतात. ॲल्युमिनियमची चौकट हलकी असली तरी तिला तडा गेल्यावर गावच्या वेल्डरकडे उपाय नसतो.

जुन्या पद्धतीतील उणीवही ध्यानात घ्यावी. दांड्यांचे ब्रेक आणि चकचकीत मुलामा दिलेल्या पोलादी रिमा पावसात नीट धरत नाहीत. नवी सायकल घेताना पोलादी चौकट आणि ॲल्युमिनियमच्या रिमा असा मेळ मिळाल्यास उत्तम. जुनीच वापरायची असेल तर पावसात वेग निम्मा ठेवावा आणि ब्रेक आधीपासून हलकेच दाबत यावे.

पुणतांब्यासारख्या परिसरात आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे बाभळीचा काटा. पातळ टायर येथे आठवडाभर टिकणार नाही. जाड टायर आणि आत रबरी अस्तर हवे. दुसरी काळी माती. पावसाळ्यात ती टायरला चिकटते आणि मडगार्डमध्ये अडकून चाक थांबविते, म्हणून टायर आणि मडगार्ड यांत बोटभर मोकळी जागा असावी. तिसरी उसाच्या गळीत हंगामातील ट्रॅक्टर-ट्रॉल्या. मागे दिवा नसलेल्या लांब ट्रॉल्यांच्या रस्त्यावर सायकलस्वाराने अंधार पडण्यापूर्वी घर गाठावे. ते जमले नाही तर मागे लाल दिवा आणि परावर्तक, पुढे पांढरा दिवा आणि अंगावर फिकट रंगाचे वस्त्र असावे.

चामड्याचा प्रश्न

आरामशीर सायकलींच्या शौकिनांत चामड्याच्या सीटची फार महती आहे. इंग्लंडमधील ब्रूक्स ही 1866 मध्ये स्थापन झालेली कंपनी त्यासाठी प्रसिद्ध आहे. वापरून वापरून चामडे बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेते, हे त्यामागील मर्म. जैन घराला मात्र ही सीट घेता येत नाही, आणि ती घेण्याची आवश्यकताही उरलेली नाही. ब्रूक्सनेच 2013 पासून रबर आणि सुती कापड यांपासून बनविलेली ‘केंबियम’ ही सीट बाजारात आणली आहे. ती महाग वाटल्यास रेक्झिनची, स्प्रिंगांची रुंद देशी सीट गावातील ये-जा करण्यास पुरेशी आहे. खरेदी करताना हातमोजे, हँडलचे वेष्टन, पिशव्यांचे पट्टे आणि बूट यांतही चामडे नाही ना, हे विचारून घ्यावे. जाड सुती कॅनव्हासची पिशवी आणि कॅनव्हासचे बूट हा त्यास चांगला पर्याय होय.

पोशाखासाठी वेगळा खर्च नको. सैल सुती सदरा, उन्हाळ्यात पूर्ण बाह्या, डोक्याला हेल्मेट आणि पायजम्याची किंवा पँटची उजवी बाजू चेनमध्ये जाऊ नये म्हणून एक क्लिप, एवढे पुरे. पूर्ण चेनकव्हर असलेल्या सायकलीला क्लिपही लागत नाही. भगिनींसाठी खाली वळविलेल्या दांडीची सायकल आणि मागच्या चाकावर जाळी असावी. साडी, पदर किंवा ओढणी त्यामुळे सुरक्षित राहते.

यतना आणि मर्यादा

साधू-साध्वी कोणतेही वाहन वापरत नाहीत. ईर्यासमितीचे पालन करीत, पुढची चार हात भूमी न्याहाळत ते पायी विहार करतात. श्रावकाला संसारात वाहनाशिवाय चालत नाही, हे आपल्या आचारशास्त्राने जाणले आहे. म्हणूनच रोज धारण करावयाच्या चौदा नियमांत वस्त्र आणि पादत्राणे यांच्याबरोबर ‘वाहन’ आणि ‘दिशा’ यांचीही मर्यादा सांगितली आहे. आज कोणते वाहन, किती वेळा, किती दूर, असा प्रश्न श्रावकाने सकाळीच स्वतःला विचारावा, हा त्यातील हेतू. बाराव्रतांच्या विवेचनात पंधरा कर्मादाने वर्ज्य मानली आहेत. गाड्यांचा आणि भाड्याने वाहतुकीचा धंदा त्यांत येतो, कारण त्यामागे जुंपलेल्या जनावरांचे कष्ट होते. सायकलीला जनावर जुंपावे लागत नाही आणि तिच्यात काही जळतही नाही.

सायकल पूर्णतः निर्दोष आहे, असा दावा करणे मात्र योग्य नाही. पहिल्या पावसानंतर रस्त्यावर गांडुळे, मुंग्या, पंखवाले किडे यांची गर्दी होते आणि चाक त्यांच्यावरूनही जाऊ शकते. येथे ताठ बसण्याचे महत्त्व वेगळ्या अर्थाने समजते. शर्यतीच्या आसनात मान खाली, नजर चाकाजवळ आणि मन वेगात असते. उंच हँडलच्या सायकलीवर समोरची भूमी दूरवर दिसते आणि ताशी दहा-बारा किलोमीटर वेगात वळण्यास किंवा उतरण्यास अवसर मिळतो. चातुर्मासात ओल्या पायवाटा टाळाव्यात, डांबरी रस्त्याने जावे, अंधारात जाऊ नये आणि जीवांची दाटी दिसल्यास उतरून सायकल हाती धरून चालावे. एवढी यतना पाळणे या वाहनावर शक्य आहे. साठच्या वेगाने जाणाऱ्या मोटारीत ते शक्य नाही.

चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांना आणखी एक सोय आहे. डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक असते. दुकान मुलाकडे किंवा मुनीमजींकडे अर्धा तास सोपवून सायकलीने घरी जाणे, सूर्यास्तापूर्वी जेवणे आणि नंतर दुकान आवरावयास परत येणे, हा क्रम लहान गावात सहज बसतो. परतीची खेप अंधारात होत असेल तर ती पायी करावी.

आरंभ कसा करावा

घरात जुनी सायकल पडून असेल तर प्रथम तिचे ओव्हरहॉलिंग करून घ्यावे. छर्रे आणि ग्रीस, ब्रेकची रबरे, चेन, टायर-ट्यूब बदलून आणि चाकांचा आऊट काढून ती पुन्हा चालू होते. त्यानंतर पुढील मापे स्वतःच पाहावीत.

सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली असता सर्वांत खालच्या स्थितीत पाय सरळ व्हावा. म्हणजे चवड्याने चालविताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असणे हे गुडघेदुखीचे एक नेहमीचे कारण आहे. हँडल सीटइतके किंवा त्याहून उंच असावे. टायरात दगडासारखी हवा भरू नये. दीड इंची टायरला 40 ते 50 पौंड पुरतात. घंटी, स्टँड, कॅरियर आणि कुलूप ही सजावट नव्हे. रोजच्या वापरासाठी ती आवश्यक आहेत.

पहिल्या आठवड्यात फक्त एक खेप ठरवावी: सकाळी दर्शनास किंवा दुकानास जाण्याची. ती अंगवळणी पडली की दुसरी वाढवावी. मुलांना शाळेत सोडण्याऐवजी मोठ्यांनी पहिले काही दिवस त्यांच्या शेजारून सायकल चालवीत जावे. रस्त्याची शिस्त सांगून येत नाही, सोबतीने येते. सरावानंतर घरातील चार जणांनी मिळून एखाद्या रविवारी पहाटे शिर्डीपर्यंत जाणेही अवघड नाही. पुणतांब्याहून तेथे जाणारा लोहमार्ग सुमारे सतरा किलोमीटरांचा आहे. सायकलीच्या रस्त्यानेही उन्हे चढण्यापूर्वी तेथे पोहोचता येते.

पेढीवरच्या थोरांनी प्रथम सायकल काढली, तर घरातील तरुणांना आणि दुकानातील नोकरांना ती कमीपणाची वाटणार नाही. सकाळी चौदा नियम धारण करताना वाहनाच्या स्थानी ‘आज गावात केवळ सायकल’ असा एक दिवस जरी आठवड्यातून ठरविला, तरी नियमाला आशय येतो आणि शरीरालाही त्याचा लाभ होतो.