वाटीने मापावं की तराजूने तोलावं? बंदुकीच्या दारूकडून शिकलेला धडा

परवा आमच्या विभागात नव्याने आलेल्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, पाच रीडिंग घेतली तर चालतात ना?" पहिल्या वर्षी मीही हेच समजून चालले होते आणि त्यात माझे चार महिने वाया गेले. ते कसे, हे शेवटी सांगते. आधी एक उदाहरण बघू. ते आपल्या नेहमीच्या जगातलं नाही, पण प्रश्न अगदी आपलाच आहे.

अमेरिकेत बरेच नेमबाज रायफलची काडतुसं घरी पुन्हा भरतात. याला रीलोडिंग म्हणतात. (आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे हा लेख फक्त समजून घेण्यापुरता.) वापरलेल्या पितळी नळकांड्यात नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची. दारू मोजतात ग्रेनमध्ये. १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. मध्यम आकाराच्या रायफल काडतुसात साधारण ४२ ग्रेन, म्हणजे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास दारू जाते.

प्रत्येक वेळी तराजूवर तोलत बसलं तर वेळ जातो. म्हणून 'पावडर मेजर' नावाचं यंत्र वापरतात. वर दारूचा डबा, खाली फिरणारा रूळ आणि रुळात एक खाच. दांडा एकीकडे केला की खाच भरते, दुसरीकडे केला की रिकामी होते. इथेच खरी गोम आहे. यंत्र मोजतं आकारमान आणि आपल्याला हवं असतं वजन. या दोहोंमधलं नातं प्रत्येक वेळी तेच राहील का?

साबुदाणा आणि शेवया

स्वयंपाकघरात जाऊन बघा. एक वाटी साबुदाणा दहा वेळा भरा आणि तोला. वजन जवळपास तेच येईल. आता तुकडे केलेल्या शेवया भरा. एकदा आडव्या पडतील, एकदा उभ्या, मध्ये पोकळ्या राहतील. वाटी तीच, वजन मात्र हलतं. पायलीने धान्य मापायचे तेव्हा माप हलवून भरलं की वरून अलगद सोडलं, यावर भांडणं व्हायची, तीही याच कारणाने.

आजची बिनधुराची दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते आणि ती वेगवेगळ्या आकारांत येते. गोल दाण्याची दारू साबुदाण्यासारखी वाहते. काडीसारखे तुकडे असलेली दारू शेवयांसारखी वागते. त्यातही काडी लांब असेल तर रूळ फिरताना खाचेच्या काठावर ती कापली जाते, हाताला 'कर्र' असं जाणवतं, आणि त्या वेळचं माप बिघडतं. अनुभवी रीलोडर सांगतात की गोल दाण्याची दारू बहुतेक वेळा ०.१ ग्रेनच्या आत-बाहेर पडते. लांब काडीची त्याच्या कितीतरी पट हलते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे हॉजडन कंपनीची 'एच ४८३१'. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याकडे उरलेली दारू विकत घेऊन विकायला सुरुवात केली, त्यातून हे नाव रुळलं. तिची काडी लांब. पुढे कंपनीने तीच दारू आखूड तुकड्यांत आणली, 'एच ४८३१ एससी'. एससी म्हणजे शॉर्ट कट. बदलली फक्त लांबी, आणि माप सुधारलं. प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर एकच चल बदलला, बाकी सगळं स्थिर ठेवलं.

पण इथे एक सापळा आहे. 'आयएमआर ४८३१' नावाची दुसरी दारू मिळते. आकडा तोच, पण ती वेगळी आहे आणि जास्त वेगाने जळते. आकडा सारखा म्हणून एकीचं प्रमाण दुसरीला लावलं तर दाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. म्हणून दारू निवडताना आधी छापील पुस्तिकेत त्या काडतुसासाठी कोणती दारू दिली आहे ते बघायचं, आणि त्या यादीतून चांगली मापली जाणारी उचलायची. हा क्रम उलटा करायचा नाही. तुम्हीही शोधनिबंध वाचताना लक्षात ठेवा, दोन पेपरांत एकच शब्द आला म्हणजे वस्तू एकच असते असं नाही.

डबा किती भरलेला?

पाण्याच्या टाकीत पातळी उतरली की तळाचा दाब उतरतो. दाणेदार पदार्थाचं तसं नसतं. बरंचसं वजन घर्षणामुळे भिंती उचलतात, त्यामुळे एका उंचीनंतर तळाचा दाब वाढायचा थांबतो. यान्सेन या जर्मन अभियंत्याने हे १८९५ मध्ये मांडलं. म्हणून डबा बऱ्यापैकी भरलेला असेपर्यंत माप स्थिर राहतं. तळ दिसू लागला की दाणे सैल बसतात आणि माप घसरतं. जाणकार लोक डब्यात पत्र्याचा अडथळा बसवतात, पातळी राखतात, पहिली काही मापं डब्यात परत टाकतात आणि दांडा दर वेळी एकाच लयीत फिरवतात.

पण याने फरक पडतो का?

हा प्रश्न मात्र आपण विसरतो. समजा मापातला स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी) ०.१ ग्रेन आहे आणि त्यामुळे गोळीच्या वेगात सेकंदाला ५ फुटांचा एसडी येतो. टोपी, नळकांडं, गोळी अशा बाकी कारणांमुळे ९ फुटांचा येतो. एकूण १४ नाही होत. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं: ८१ अधिक २५, म्हणजे १०६, वर्गमूळ सुमारे १०.३. आता तासभर तोलून मापातला फरक अगदी शून्य केला तरी ९ उरतातच. मिळवलं किती? १.३ फूट.

१०० यार्डांवर हा फरक दिसतही नाही. म्हणूनच १००-२०० यार्डांच्या बेंचरेस्ट स्पर्धांतले अनेक नेमबाज बिनधास्त मापाने भरतात. १००० यार्डांवर मात्र वेगातला थोडा फरकही काही इंचांचा होतो, म्हणून तिथले लोक तोलतात. दोघंही बरोबर आहेत, कारण दोघांचा प्रश्न वेगळा आहे. शिवाय गोल दाण्याच्या अनेक दारू तापमानाला जास्त संवेदनशील असतात. माप उत्तम, पण थंडीत आणि उन्हात वेग बदलतो. जे मोजायला सोपं ते सुधारलं आणि जे महत्त्वाचं ते राहून गेलं, असं व्हायला नको.

आता ती पाच रीडिंग

पाच मापांवरून एसडी काढला, तर खरा एसडी त्याच्या ०.६ पटीपासून जवळजवळ २.९ पटीपर्यंत कुठेही असू शकतो (९५ टक्के विश्वासाने). दोन दारूंची पाच-पाच मापं घेतली, तर एकीचा एसडी दुसरीच्या तिपटीहून जास्त निघाल्याशिवाय खात्रीने काही बोलता येत नाही. तीस-तीस घेतली तर साधारण दीडपट फरकही पकडता येतो.

मी पहिल्या वर्षी दोन फीडरची तुलना अशाच पाच-पाच रीडिंगवर केली. एकाचा एसडी दुसऱ्याच्या दुप्पट आला. मी खूश. 'चांगला' फीडर निवडून चार महिने त्यावर काम केलं. मग सरांनी तीस रीडिंग घ्यायला लावली आणि फरक गायब. वर लक्षात आलं की दुसऱ्या फीडरची रीडिंग मी दर वेळी शेवटी, डबा तळाला गेल्यावर घेत होते. सर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "आता हे कायम लक्षात राहील."

तेव्हा तुमची पहिली तुलना करण्याआधी वहीत चार गोष्टी लिहा. मला हवं ते मी मोजतेय/मोजतोय, की त्याच्या जवळचं काहीतरी? माझ्या उपकरणाची स्वतःची चूक किती? (०.१ ग्रेन दाखवणाऱ्या तराजूवर ०.०५ चा फरक शोधू नका.) दोन्ही पर्यायांची रीडिंग आलटूनपालटून घेतली का? आणि हा फरक मिटवला तर अंतिम उत्तरात किती बदल होईल?

त्या ज्युनिअरला मी एवढंच म्हणाले, "पाच चालतात, पण ती प्रयोग सुरू करायला. निष्कर्ष काढायला नाही." ती सध्या घरी वाटी आणि साबुदाणा घेऊन बसली आहे. तुम्हीही बसा. तीस वेळा भरा, तीस वेळा तोला. एका संध्याकाळचं काम आहे.